‘स्त्रीधनम्’ म्हणजे स्त्रीधन नव्हे: लग्नात दिलेले सोने नेमके कोणाचे?

गेल्या काही वर्षांत मल्याळम चित्रपट मराठी घरांमध्ये उपशीर्षकांसह आवडीने पाहिले जाऊ लागले आहेत. लग्न आणि देण्याघेण्यावरचा असा एखादा चित्रपट पाहताना मराठी कान एका शब्दापाशी हमखास अडतो. पडद्यावरची माणसे ‘स्त्रीधनम्’ म्हणत असतात आणि खाली अक्षरे उमटतात ‘डाउरी’, म्हणजे हुंडा. १९९३ साली ‘स्त्रीधनम्’ याच नावाचा मल्याळम चित्रपट आला होता. ते नाव वाचून मराठी माणसाला वाटेल की हा बाईच्या मालकीच्या दागिन्यांविषयीचा चित्रपट असावा. केरळमधल्या प्रेक्षकाला मात्र नावावरूनच कळते की विषय हुंड्याचा आहे.

हा केवळ भाषांतराचा घोळ नाही. ज्या संपत्तीवर बाईचा पूर्ण हक्क आहे तिला आपण स्त्रीधन म्हणतो, आणि जी संपत्ती बाईच्या नावाने निघून नवऱ्याच्या घरी पोहोचते तिला केरळमध्ये स्त्रीधनम् म्हणतात. एका शब्दाचे दोन प्रांतांत असे दोन अर्थ का झाले, हे समजून घेतले तर हुंडा टिकतो कसा, कायदा त्याच्याकडे कसा पाहतो आणि लग्नात दिलेल्या सोन्याची मालकी कोणाची, या तिन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे मिळतात.

आधी मूळ शब्द

स्त्रीधन ही धर्मशास्त्रातली जुनी कल्पना आहे. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, प्रेमाने दिलेले, आणि भाऊ, आई, वडील यांच्याकडून आलेले. पुढच्या टीकाकारांनी ही यादी वाढवली, तिच्यावर वाद घातले. परंतु हे धन तिचे आहे आणि ते नवऱ्याच्या मिळकतीत विरघळत नाही, हा गाभा कायम राहिला. आजच्या व्यवहारात लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर माहेरहून, सासरहून, मित्रमंडळींकडून तिला मिळालेले दागिने, रोकड, भांडी, कपडे आणि जमीन हे सगळे स्त्रीधनात मोडते.

हुंडा याच्या अगदी उलट दिशेने जातो. लग्न जमावे, टिकावे किंवा सुखाने चालावे म्हणून एका पक्षाने दुसऱ्याला द्यायची ती किंमत असते आणि व्यवहारात ती मुलीकडून मुलाकडे जाते. मराठीत आपण तिला वरदक्षिणा, मानपान, पोशाख अशी सौम्य नावे दिली, पण निदान हुंडा हा वेगळा आणि काहीसा लाजिरवाणा शब्द आपल्याकडे शिल्लक राहिला. मल्याळममध्ये हुंड्याने स्त्रीधनाचेच नाव घेतले, आणि त्यामागे केरळच्या एका भागातल्या जुन्या कायद्याचा मोठा हात आहे.

त्रावणकोरचा १९१६ चा कायदा

आजच्या केरळचा दक्षिण भाग स्वातंत्र्यापूर्वी त्रावणकोर संस्थानात होता. तिथल्या सीरियन ख्रिस्ती, म्हणजे केरळमधल्या जुन्या ख्रिस्ती, समाजात जमीन, पुढे रबराचे मळे आणि व्यापार यांमुळे बरीच संपत्ती साठली होती. ती कोणाकडे जावी हे ठरवण्यासाठी १९१६ मध्ये त्रावणकोर ख्रिश्चन वारसा कायदा झाला. मृत्युपत्र न करता बाप वारला तर त्याची मालमत्ता मुलग्यांमध्ये सारखी वाटली जाई. मुलीला मिळे मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा ५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे मुलाच्या वाट्याला ४०,००० रुपये आले तर चौथा हिस्सा १०,००० होतो, पण मुलीच्या हातात ५,०००च पडणार. आणि मुलाच्या वाट्याला ४० लाख आले तरीही ५,०००च. विधवेला तर केवळ हयातीपुरता हक्क होता, आणि पुनर्विवाह केला की तोही संपत असे.

एवढ्यावर हा कायदा थांबला नाही. मुलीला ‘स्त्रीधनम्’ दिलेले असेल, किंवा देण्याचे नुसते वचन दिलेले असेल, तरी तिला हा ५,००० रुपयांचा वाटाही मिळत नसे. कायद्यातली ‘स्त्रीधनम्’ची व्याख्या तर मुळातून समजून घेण्याजोगी आहे. आईवडिलांच्या मालमत्तेवरील मुलीच्या हक्काच्या बदल्यात तिला, अथवा तिच्या वतीने तिच्या नवऱ्याला किंवा त्याच्या आईवडिलांना वा पालकांना, दिलेले किंवा देऊ केलेले पैसे, दागिने वा मालमत्ता म्हणजे स्त्रीधनम्, असा तिचा आशय होता.

‘तिच्या वतीने तिच्या नवऱ्याला किंवा त्याच्या आईवडिलांना’ हे शब्द वाचताना मी दरवेळी थांबतो. आपल्याकडचे उदाहरण घ्या. बापाने चार भावंडांत शेतजमीन वाटली, तिघांच्या नावे सातबारा केला आणि चौथीच्या वाट्याची किंमत तिच्या सासऱ्याच्या हाती देऊन सांगितले की तुझा हिस्सा पोहोचला. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, पैशाची पावती तिच्या हाती नाही, सासऱ्याने त्या पैशाचे काय केले हे विचारण्याची सोय नाही. माहेरच्या हिशेबात मात्र तिचा वाटा चुकता झाला. त्रावणकोरच्या कायद्याने नेमके हेच केले, आणि स्त्रीच्या नावावरचे धन प्रत्यक्षात स्त्रीच्या हाती नाही हे चित्र कायद्याच्या भाषेतच रूढ झाले. शेजारच्या कोचीन संस्थानानेही १९२१ मध्ये ख्रिस्ती वारशाचा कायदा केला. त्यात मुलीचा वाटा मुलाच्या एक तृतीयांश होता.

मेरी रॉय यांनी काय बदलले

कोट्टयममध्ये शाळा चालवणाऱ्या मेरी रॉय यांनी १९८३ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. लेखिका अरुंधती रॉय यांच्या त्या आई. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. वडिलांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी असा भेद करणारा कायदा राज्यघटनेच्या समानतेच्या हक्काला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती आणि न्यायमूर्ती पाठक यांनी निकाल मेरी रॉय यांच्या बाजूने दिला, पण तो समानतेच्या मुद्द्यावर नव्हता. तो तपासण्याची गरजच उरली नाही, कारण न्यायालयाच्या मते त्रावणकोरचा कायदा १९५१ सालीच संपलेला होता.

हे समजायला एक साधी तुलना पुरेशी आहे. एखादे गाव नगरपालिकेत विलीन झाले आणि नगरपालिकेचा कायदा तिथे लागू झाला की त्याच विषयावरचे ग्रामपंचायतीचे जुने ठराव आपोआप बाद होतात, मग गावकरी कितीही वर्षे जुन्या ठरावाप्रमाणे वागत राहिलेले असोत. १९५१ मध्ये केंद्राने काही कायदे जुन्या संस्थानांच्या भागाला लागू केले. त्यांत भारतीय वारसा कायदा, १९२५ हाही होता. या कायद्यात मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा आहे. त्यामुळे १ एप्रिल १९५१ पासून त्रावणकोर आणि कोचीनच्या ख्रिस्ती मुलींना भावाइतकाच हक्क होता, फक्त पस्तीस वर्षे तो कोणी दिला नव्हता.

निकालाने खळबळ उडाली. पस्तीस वर्षांतल्या वाटण्या, विक्रीखते आणि गहाणखते यांचे काय होणार, अशी भीती अनेक कुटुंबांना आणि काही चर्चनेत्यांनाही वाटली. निकालाचा मागे जाणारा परिणाम थोपवणारा कायदा आणण्याचे प्रयत्न झाले, पण तसा कायदा झाला नाही.

मग मुलींना वाटा मिळू लागला का?

कागदावर मिळू लागला, पण अनेक घरांत वडिलांनी मृत्युपत्रे करायला सुरुवात केली. समान वाट्याचा नियम मृत्युपत्र नसेल तेव्हाचा आहे. भारतीय वारसा कायद्यानुसार माणूस आपली सगळी मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतो, आणि ती मुलग्यांनाच दिली की मुलीचा हक्क पुन्हा मिटतो. काही ठिकाणी लग्नाच्या वेळीच, स्त्रीधनम् देताना, मुलीकडून हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला जाऊ लागला.

इथे मराठी वाचकाने आपल्या घराकडे पाहायला हवे, कारण हक्कसोडपत्र हा शब्द आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. देशभर ही सुधारणा ९ सप्टेंबर २००५ रोजी आली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो, वडील २००५ साली हयात असोत वा नसोत. तरीही वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडे वारसनोंद होते तेव्हा बहिणी सह्या करून मोकळ्या होतात. त्यांना सांगितले जाते की तुझ्या लग्नात खर्च केला होता ना, तोच तुझा वाटा. आणि माहेरचे दार उघडे राहावे म्हणून त्या ते मान्य करतात. कोट्टयमची रबराची बाग आणि कोल्हापूरची उसाची शेती यांमध्ये या बाबतीत फारसे अंतर नाही.

गोव्याची रीत वेगळी आहे. तिथे पोर्तुगीज काळातल्या नागरी संहितेच्या परंपरेने आईवडिलांच्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलामुलींसाठी राखीव असतो आणि ठरावीक गंभीर कारणांशिवाय मृत्युपत्रानेही तो काढून घेता येत नाही. कोकणीत ‘दोत’ हा हुंड्याचा शब्द आहे आणि तिथेही ती प्रथा होती. मात्र लेकीला नुसत्या मृत्युपत्राने पूर्ण वगळण्याची वाट तिथल्या कायद्याने बंद ठेवली आहे. केरळच्या कायद्यात ती तरतूद असती तर १९८६ च्या निकालानंतरची पळवाट एवढी सोपी ठरली नसती, असे मला वाटते.

केरळ तर मातृसत्ताक होते ना?

हा आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. नायर आणि इतर काही समाजांत मरुमक्कत्तायम् नावाची पद्धत होती. तीत वंश आणि मालमत्ता आईकडून चाले, मुलगी लग्नानंतरही आपल्या ‘तरवाड’ नावाच्या मोठ्या घरातच राही आणि त्या घरावर तिचा हक्क असे. जी मुलगी घर सोडून जात नाही आणि जिचा वाटा तिच्याच घरात आहे, तिच्यासाठी हुंडा कोणाला द्यायचा? त्यामुळे तिथे हुंड्याला जागाच नव्हती.

नंबुद्री ब्राह्मणांत चित्र उलटे होते. मालमत्ता फुटू नये म्हणून घरातला फक्त थोरला मुलगा जातीत लग्न करी. त्यामुळे वर थोडे आणि मुली जास्त, आणि मोठा हुंडा दिल्याशिवाय मुलीचे लग्न होणे कठीण. कित्येक मुली अविवाहित राहत किंवा वृद्धाला दुसरी-तिसरी बायको म्हणून दिल्या जात. व्ही. टी. भट्टतिरिपाद यांनी १९२९ मध्ये ‘अडुक्कळयिल निन्नु अरंगत्तेक्कु’, म्हणजे ‘स्वयंपाकघरातून रंगमंचाकडे’, हे नाटक लिहिले ते याच कोंडमाऱ्याविरुद्ध. लग्नाच्या बाजारावर बोट ठेवणाऱ्या मल्याळम सामाजिक नाटक-चित्रपटांची परंपरा इतकी जुनी आहे.

विसाव्या शतकात मातृवंशाची पद्धत कायद्यांनी टप्प्याटप्प्याने मोडली, आणि १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबच संपवले. सत्तरच्या दशकापासून आखाती देशांतला पैसा येऊ लागला, नोकरदार मुलाचा भाव वधारला, आणि ज्या समाजांत कधी हुंडा नव्हता तिथेही तो आला. जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी १९६० ते २००८ या काळातल्या ग्रामीण भारतातल्या सुमारे ४०,००० विवाहांचा अभ्यास केला, तेव्हा ९५ टक्के विवाहांत हुंडा दिला गेल्याचे दिसले, आणि सत्तरच्या दशकापासून सातत्याने वाढत जाऊन त्या अभ्यासातल्या शेवटच्या वर्षांत सरासरी हुंडा सर्वांत जास्त असलेले राज्य केरळ होते. २०११ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ९४ टक्के असलेले हे राज्य आहे. शिक्षणाने हुंडा आपोआप जातो हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही. शिकलेली मुलगी शिकलेला वर शोधते, आणि त्याचा दर अधिक असतो.

सोने उधार, लग्न रोख

केरळमध्ये सोने पवनात मोजतात. एक पवन म्हणजे ८ ग्रॅम, आणि आपल्याकडे आज तोळा १० ग्रॅमचा धरतात. म्हणजे १०० पवन म्हणजे ८० तोळे. मध्यमवर्गीय घरातही नवरी कोपरापर्यंत बांगड्या आणि गळ्यापासून कमरेपर्यंत हार घालून उभी राहते, ते पाहून मराठी माणूस चकित होतो. एवढे सोने येते कुठून?

याचे एक उत्तर २०२५ च्या ‘पोन्मॅन’ या चित्रपटात आहे. जी. आर. इंदुगोपन यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट कोल्लम परिसरात घडतो आणि बेसिल जोसेफ यांनी त्यात एका सोने-दलालाची भूमिका केली आहे. मुलीच्या घरच्यांकडे सोने घ्यायला पैसे नसतात, म्हणून हा दलाल सराफाकडचे सोने लग्नासाठी उधार आणून देतो. लग्नात पाहुणे जो रोख आहेर करतात तो जमवून सोन्याची किंमत चुकती करायची, असा सौदा असतो. आहेर कमी पडला की उरलेले सोने परत हवे असते, पण तोवर ते नवरीच्या अंगावर आणि नवऱ्याच्या घरात गेलेले असते.

या गोष्टीत सोन्यावर किती जणांचा दावा आहे पाहा: सराफाचा, दलालाचा, नवऱ्याचा, त्याच्या बहिणीच्या लग्नाची वाट पाहणाऱ्या घराचा, आणि मुलीच्या भावाच्या अब्रूचा. जिच्या अंगावर ते आहे तिला काय हवे, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. आपल्याकडे सोसायटीचे कर्ज काढून किंवा एकर-दीड एकर विकून मुलीचे लग्न करणारा बाप याच साखळीत उभा असतो, फक्त त्याचा सावकार वेगळा असतो.

कायदा हुंडा कशाला म्हणतो?

हुंडा प्रतिबंधक कायदा १ जुलै १९६१ पासून लागू आहे आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. मुस्लिम विवाहातला मेहर त्यातून वगळला आहे, कारण तो नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो. सुरुवातीला ‘लग्नाचा मोबदला म्हणून’ दिलेले तेवढेच हुंडा ठरत असे, आणि मोबदला सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. १९८४ च्या दुरुस्तीने ती अट काढून ‘लग्नाच्या संबंधात’ असे शब्द घातले. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर केव्हाही, थेट वा आडमार्गाने दिलेली किंवा देण्याचे ठरलेली मालमत्ता यात येते. हुंडा देणे-घेणे या दोन्हींना किमान ५ वर्षे कैद आणि किमान १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यांपैकी जो जास्त असेल तो दंड आहे. नुसती मागणी केली तरी ६ महिने ते २ वर्षे कैद होऊ शकते.

‘लग्नाच्या संबंधात’ या शब्दांचा अर्थ किती ताणायचा, यावर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात वाद झाला. शेतीच्या खतासाठी आणि घरखर्चासाठी माहेरून पैसे आणायला सांगणे हा हुंडा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले होते. २०१५ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मत चुकीचे ठरवले, आणि २०२२ मध्ये घर बांधण्यासाठी मागितलेले पैसेही हुंडाच आहेत असा निर्णय आला. ‘धंद्याला थोडी मदत’, ‘फ्लॅटचा पहिला हप्ता’, ‘परदेशी जाण्याचा खर्च’ अशी नावे दिल्याने मागणीचे स्वरूप बदलत नाही.

लग्नानंतर ७ वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या थोडे आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर तो हुंडाबळी मानला जातो. आता ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे आणि शिक्षा किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी आहे. २०२१ च्या जून महिन्यात कोल्लम जिल्ह्यात एका विवाहितेच्या मृत्यूने केरळ हादरले. माहेरने सोने, जमीन आणि मोटार देऊनही मोटार पसंत नाही म्हणून छळ झाल्याचे खटल्यात पुढे आले, आणि पुढच्या वर्षी खटला चालवणाऱ्या न्यायालयाने पतीला दोषी ठरवले. २०२५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर सोने आणि मोटार हेच शब्द मराठी वर्तमानपत्रांत पुन्हा वाचायला मिळाले.

दिलेला हुंडा कोणाचा?

या कायद्याचे कलम ६ फार कमी लोकांना ठाऊक असते. बेकायदा असूनही हुंडा दिला गेला आणि तो बाईऐवजी दुसऱ्या कोणाकडे गेला, तर त्या माणसाने तो तीन महिन्यांत तिच्या नावे करायचा असतो. तोवर तो तिच्यासाठी सांभाळायची ठेव असते. बँकेच्या लॉकरमधली वस्तू ज्याप्रमाणे बँकेची होत नाही त्याप्रमाणे हे सोनेही सासूचे किंवा दिराचे होत नाही. बाई वारली तर ते तिच्या वारसांकडे जाते. आणि लग्नापासून ७ वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला तर तिच्या मुलांकडे, मुले नसतील तर तिच्या आईवडिलांकडे. त्रावणकोरच्या कायद्याने ‘तिच्या वतीने नवऱ्याला’ म्हटले होते. हे कलम नवऱ्याच्या हातातली वस्तू तिच्या वतीने परत मागते. हे कलम धर्म पाहत नाही, त्यामुळे स्त्रीधन ही हिंदू कायद्यातली कल्पना असली तरी ख्रिस्ती किंवा मुस्लिम स्त्रीलाही हे संरक्षण आहे.

हिंदू स्त्रीच्या बाबतीत १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सासरी ठेवलेले स्त्रीधन सासरच्यांकडे केवळ सोपवलेले असते. ते परत न देणे हा सोपवलेल्या वस्तूच्या अपहाराचा गुन्हा ठरू शकतो. अलीकडचा एक निकाल केरळमधूनच आला. २००३ मध्ये लग्न झालेल्या एका स्त्रीचे म्हणणे असे होते की माहेरने दिलेले ८९ पवन सोने पहिल्याच रात्री नवऱ्याने काढून घेतले आणि सांभाळायला म्हणून आपल्या आईकडे दिले, आणि पुढे ते सासरची देणी भागवण्यात संपले. कुटुंब न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. स्त्रीधन ही पती-पत्नीची सामायिक मालमत्ता नाही, अडचणीत नवऱ्याने ते वापरले तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची जबाबदारी त्याची आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी दुसऱ्या प्रकरणात हेही सांगितले की मुलीने अधिकार दिल्याशिवाय तिचे वडीलसुद्धा तिचे स्त्रीधन मागू शकत नाहीत.

पुरावा कुठून आणायचा?

हा खरा व्यावहारिक अडथळा आहे. नवऱ्याच्या आईच्या कपाटात आपले गंठण ठेवताना कोणती सून पावती मागते? २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ५९.५ पवन सोने परत देण्याचा आदेश देताना ही गोष्ट मान्य केली. घरातल्या घरात विश्वासाने झालेल्या व्यवहारांचे कागद नसतात, म्हणून फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा न मागता, कोणती बाजू अधिक संभाव्य वाटते हे पाहून निर्णय द्यावा, अशी ती भूमिका आहे. सराफाची बिले, लग्नाचे फोटो, लॉकरच्या नोंदी आणि नातेवाइकांची साक्ष मिळून पुरेसे चित्र उभे राहू शकते.

‘आम्ही काही मागितलेच नाही’

मागणी न करता दिलेल्या भेटींना कायद्यात सूट आहे, पण ती दोन अटींवर. वधू किंवा तिच्या बाजूचे लोक देत असतील तर भेट रूढीला धरून असावी आणि देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरची नसावी; शिवाय तिची नोंद यादीत झालेली असावी. ‘तुम्हाला तुमच्या मुलीला जे द्यायचे ते द्या’ हे वाक्य आपल्याकडे मागणीच्या जागी सर्रास वापरले जाते, आणि ऐकणाऱ्या बापाला त्याचा अर्थ नीट समजतो.

दुसरा आक्षेप देणाऱ्याविषयीचा असतो. कायदा देणाऱ्यालाही गुन्हेगार मानतो, मग तक्रार कोण करणार? यासाठी कलम ७ मध्ये संरक्षण आहे. हुंड्याने पीडित झालेल्या व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही. ही तरतूद पुरेशी नाही, देणाऱ्याला शिक्षेतून स्पष्टपणे वगळावे, अशी मागणी केरळमध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेली आहे, आणि मला ती रास्त वाटते, कारण भीतीपोटी देणारा आणि हक्काने घेणारा यांना एका तराजूत तोलले की सुरुवातीला दोघेही गप्प बसतात.

आणि ‘हाच तिचा वाटा’ हा युक्तिवाद? तो तपासायला एकच प्रश्न पुरतो: दिलेली वस्तू कोणाच्या नावावर आहे? वाटा असेल तर जमीन तिच्या सातबाऱ्यावर, ठेव तिच्या खात्यावर आणि सोने तिच्या लॉकरमध्ये हवे. शिवाय वाट्याचा हिशेब भावाच्या वाट्याशी जुळायला हवा. नवऱ्याच्या नावाची मोटार हा कोणत्याही हिशेबाने मुलीचा वारसा होत नाही.

यादी

मराठी लग्नात ‘यादी करणे’ ही जुनी रीत आहे. कोणी काय करायचे, कोणाला काय द्यायचे हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून लिहायचे आणि खाली सह्या करायच्या. कायद्यालाही एक यादी हवी आहे, पण ती वेगळी आहे. १९८५ च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्या भेटींची वराने करायची, लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे, आणि दोन्ही याद्यांवर वधू-वर दोघांनी सही करायची. केरळ सरकारने २०२१ मध्ये सर्व १४ जिल्ह्यांत हुंडा प्रतिबंधक अधिकारी नेमले आणि पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांकडून लग्नानंतर महिन्याभरात हुंडा न घेतल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले. त्यावर पत्नीची, तिच्या वडिलांची आणि स्वतःच्या वडिलांचीही सही लागते. भेटींच्या यादीला मात्र दोनच सह्या पुरतात, आणि त्यांतली एक त्या मुलीची असते.